लाइन गेली समजा

भर दुपारी, उन्हानं भिंती तापलेल्या असताना, डोमाजीभाऊ रामटेके आमच्या दारात येऊन म्हणत, "वैनी, लाइन गेली समजा."

मी तांदूळ निवडत असले तर सूप बाजूला ठेवी. न ठेवून उपयोग नव्हता. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती.

"बरं, गेली. मंग?"

"डोये मिटा. हे पोरगं कडेवर घ्या. आता हे पेटवा."

'पोरगं' म्हणजे तांदळाची थैली. घरात खरं पोर नव्हतं, म्हणून ही थैली ते सोबत आणत. आणि 'हे' म्हणजे त्या महिन्यात त्यांनी शोधून काढलेला नवा दिवा.

भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धा जमिनीवर आणि अर्धा कागदावर होता. आमचे क्वार्टर नवेकोरे, आडोशाला एक झाड नाही. चैत-वैशाखात अंधड सुटला की लाल धूळ थेट भातात आणि वीज गुल. आम्ही कंदिलाची काच पुसायचो, वात पेटवायचो आणि जेवून घ्यायचो. यात विचार करण्यासारखं काही असतं हे आम्हाला डोमाजीभाऊंमुळे कळलं.

आधी मेणबत्त्या झाल्या. उन्हाळ्यात त्या फळीवरच वाकल्या. "फेल." मग कार्बाइडचा दिवा आला. त्यानं सगळ्या ओळीला सडक्या लसणाचा वास सोडला. "वासाकडं नोका पाहू वैनी, उजेड पाहा!" उजेड पाहायला कोणी थांबलं नाही. फेल. मग शेजारच्या दुर्ग गावाहून ट्रकची जुनी बॅटरी सायकलला बांधून आणली. तिच्या तेजाबानं माझ्या पातळाची चाळणी झाली. फेल. कारखान्यातल्या एका रशियन साहेबानं त्यांना मुठीत दाबायची टॉर्च दिली होती. दाबत राहिलं की उजेड, थांबलं की अंधार. ती मला बरी वाटली.

"बाई कनीक मळून राहिली असन, तं दाबन कोन?" असं म्हणून तीही फेल.

"भाऊ, साधा कंदील काय वाईट आहे?" मी एकदा विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कंदिलाचं नाव नोका काढू, वैनी."

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं आम्ही समजत होतो. ते पंपघरात होते. लोखंडाच्या भट्टीला थंड ठेवणारं पाणी तिथून जाई. पाणी थांबलं तर भट्टी गेली. म्हणून तिथे एक पंप चालू, तर दुसरा तयार उभा. विजेच्या दोन लाइनी आणि वर डिझेलचं इंजिन. हा 'स्टँडबाय' त्यांनी घरी आणला. एकटा माणूस, पण दोन छत्र्या, दोन कुलपं, दोन तवे. आमचे हे म्हणत, "बायको गावी ठेवली आहे, थे बी स्टँडबायच का?" मी हसत असे. गंमतच होती तेव्हा.

बायको साकोलीकडच्या गावात होती. लग्न झाल्याबरोबर एकदा इथे आली होती, आम्ही राहायला येण्याआधी. डोमाजीभाऊ रात्री सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीला गेलेले, अंधड आला, वीज गेली, ती एकटी. अंधाराला भ्याली आणि माहेरी निघून गेली, असं ओळीत सगळे सांगत. कारखान्यात नवीन मशीन ट्रायल पास झाल्याशिवाय ताब्यात घेत नाहीत. डोमाजीभाऊंनी तोच नियम घराला लावला. "ट्रायल पास झाली का आनतो तिले." त्यांच्यानंतर आलेल्यांच्या बायका आल्या, बारशी झाली. यांची ट्रायल सुरूच.

शेवटी पेट्रोमॅक्स आला. डोळे मिटून, थैली कडेवर घेऊन मी तो पेटवला. त्यात माझी एक भुवई गेली. डोमाजीभाऊ टाळी वाजवून म्हणाले, "पास!" आणि सुट्टी टाकून बायकोला घेऊन आले.

सुगंधा काटक होती आणि बोलायला कमी. आल्या आल्या तिनं दोन तव्यांतला एक आमच्याकडे पाठवून दिला. मला ती आवडली.

काही दिवसांतच संध्याकाळी अंधड आला. डोमाजीभाऊ दुसऱ्या पाळीला होते. वीज गेली. आमचा कंदील लावून मी बाहेर पाहिलं, तर त्यांच्या खिडकीत काळोख. मी कंदील घेऊन गेले. सुगंधा उंबऱ्यावर बसली होती. बाजूला पेट्रोमॅक्स, हातात काडीपेटी.

"पेटत नाई का, बाई?"

"पेटते ना. गावच्या लग्नात मीच पेटवतो."

"मंग अंधारात कावून बसली?"

"पेटवून पाहू कोनाले?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "त्या टायमाले बी कंदील जळूनच होता, वैनी. लोक मंते मी अंधाराले भेली. मी कायले भेतो? कारखान्याकडं आभाळ लाल झालं होतं, भोंगा वाजून राहिला होता, अन् हे पाळी सुटली तरी आले नाई. सकाळपावतर आले नाई. मले वाटलं, मेले. लाइन गेली का यांले पंप सोडून येता येत नाई. घरची लाइन जाते तवा हे बी जाते."

मी कंदील तिच्याजवळ ठेवला आणि बसले. त्याही दिवशी डोमाजीभाऊ उजाडल्यावरच आले.

दोन-चार दिवसांनी तिचा भाऊ आला आणि ती दुर्गहून सकाळच्या पॅसेंजरनं गावी गेली. भांडण नाही, रडणं नाही. पेटी डोमाजीभाऊंनीच डोक्यावर घेऊन स्टेशनवर पोचवली.

त्याच दुपारी ते माझ्या दारात. एका हातात थैली, दुसऱ्या हातात कसलासा नवा दिवा.

"वैनी, लाइन गेली समजा."

मला राग आला. "भाऊ, पुरे आता. थे अंधाराले भेत नाई. त्या पयल्या टायमाले घरात कंदील जळून होता."

त्यांनी दिवा खाली ठेवला.

"मालूम आहे. सकाळी येऊन मीच तं विझवला."

"मालूम आहे तं हे सारं कायले?"

"मंग काय करू, वैनी? भट्टी माह्या हाती नाई. पाळी माह्या हाती नाई. दिवा तेवढा आहे." त्यांनी थैली पुढे केली. "डोये मिटा."

मी थैली कडेवर घेतली आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी हातात दिवा आला नाही. समोरून नाक ओढल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले नाहीत.