हळद मात्र असली होती

पद्मजानं "सकाळी फिरायला सोबत चला" म्हटलं तेव्हा मी निमूट चपला घातल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण फिरायचं म्हणजे पहाटे उठायचं, आणि तिच्यासोबत मलाही उठायचं. (माझं पोट माझ्याआधी उंबऱ्याबाहेर पडतं, हे मला ठाऊक आहे. पण वजन कमी करायला डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, मला नाही. मी डॉक्टरांकडे जातच नाही.) तिला ब्लडप्रेशर होतं, रोजची गोळी होती. तेव्हा बायकोचं वजन उतरवायचं, पण आपण अंथरुणातून न उठता, असं मी ठरवलं.

मी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, कारकून. हळदीच्या बिटात, लिलावात, माझा शब्द चालतो. शेतकरी काय, अडते काय, दोन-चार हळकुंडं तळहातावर घेऊन माझ्यापुढे हात पसरतात. मी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, दाताखाली धरतो आणि 'असली' म्हणतो. मग त्यावर कोणी वाद घालत नाही. त्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकत नाही असा माझा समज झाला होता. असा समज असलेलं गिऱ्हाईक म्हणजे फसवणाऱ्याची चंगळच.

असाच एक जण मोंढ्याच्या फाटकाशी छत्री लावून बसायला लागला. गळ्यात रुद्राक्ष, हातात महागडा मोबाईल, पुढं वजन उतरवायच्या चूर्णाच्या हिरव्या डब्यांची रास. डब्यावर एक बारीक कंबर छापलेली होती. ती कोणाची ते लिहिलेलं नव्हतं.

"साहेब, माझ्या मालाचं मी काय सांगू?" तो मला म्हणाला. "तुमी पारखी माणूस. तुमीच बघा."

झालं. मी चिमूट घेतली, तळहातावर चोळली, वास घेतला, थोडी पाण्यात टाकली, थोडी जिभेवर ठेवली. भोवती माणसं जमली.

"हळद असली आहे," मी जाहीर केलं.

"अन् बाकीचं?" नरसिंग अडत्यानं विचारलं.

"ज्यानं हळद असली घातली, तो बाकीच्यात काहून खोटं करील?"

नरसिंगनं लगेच आपल्या बायकोसाठी डबा उचलला. त्या माणसानं माझा फोटो काढला. "पारखी म्हणून लावतो, साहेब. जरा बाजूला वळा, उजेड चांगला येतो. हात खाली सोडा. श्वास रोखू नका, सैल उभं राहा." इतक्या आस्थेनं माझा फोटो आजवर कोणी काढला नव्हता.

घरी पद्मजानं चष्मा लावून मी तिच्यासाठी आणलेला डबा फिरवून पाहिला.

"याच्यावर कंपनीचा पत्ता कुठंय?"

"सातपुडा लिहिलंय की."

"सातपुडा केवढा मोठाय! लायसन्स नंबर न्हाई, आत काय काय घातलं ते न्हाई. बिल दिलं का?"

"माणूस ओळखीचा आहे."

"नाव काय त्याचं?"

(नाव मी विचारलं नव्हतं.)

"महिन्यात कंबर निम्मी, अन् साईड इफेक्ट शून्य," तिनं डब्यावरचं वाचलं. "अहो, असं कुठं असतंय का?"

"पद्मजा, मी स्वतः चाखून पाहिलंय."

तिनं चष्मा काढला आणि डब्याचं झाकण उघडलं. तिचा चूर्णावर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. चूर्ण चालू असताना विलायती गोळी चालत नाही, असं त्या माणसानं बजावलं होतं. म्हणून तिच्या गोळ्यांची पट्टी मीच उचलून कपाटावर ठेवली.

वजन उतरलं, हे कबूल करतो. तिची भूकच मेली. ताट पुढं आलं की ती सरकवून द्यायची, आणि मी मोंढ्यात मिशीला पीळ भरायचो. पुढं तिचे हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, झोप उडाली. मी डब्यावरच्या नंबरावर त्या माणसाला फोन लावला.

"साहेब, चरबी वितळून राहिली. धडधड तर होणारच," तो म्हणाला.

मी तिला हेच सांगितलं, वर माझ्या पारखीचा आवाज लावून. एका दुपारी भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. तिला उठता येईना. तव्यावरची भाकरी जळत होती आणि मी नुसता तिचं नाव घेत होतो.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डबा पाहिला. "असल्यात भूक मारणारी गोळी कुटून घालतात. बंदी आहे तिच्यावर. प्रेशर चढतं तिच्यानं. तपासायला पाठवतो. आणि यांची रोजची गोळी कोणी बंद केली?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," मी म्हणालो. "मी हळद ओळखतो."

त्यांनी डबा तपासणीच्या पिशवीत घातला. तपासणीत त्यांचंच खरं निघालं. आत हळदही सापडली, आणि ती असली होती. (मी तेही दोघातिघांना सांगून पाहिलं. कोणाला कौतुक वाटलं नाही.)

पद्मजा वाचली. फाटकाशी छत्री राहिली नव्हती, फोन बंद. तक्रार द्यायला गेलो तर पहिलाच प्रश्न आला, "नाव काय त्याचं?" नरसिंगनं बायकोसाठी घेतलेला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. आता मोंढ्यात माझ्यापुढं कोणी हात पसरत नाही. पद्मजा एका शब्दानं भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गोळ्यांची पट्टी आता पदराच्या गाठीत बांधून ठेवते, आणि आम्ही रोज पहाटे फिरायला जातो. ती पुढं, मी बराच मागं.

परवा आम्ही दोघं तिच्या बहिणीकडं कळमनुरीला गेलो होतो. बसस्टँडच्या भिंतीवर तोच हिरवा डबा मोठा करून लावलेला. खाली दोन फोटो. उजवीकडं 'नंतर', कोणी एक पैलवान. डावीकडं 'आधी', बाजूला वळलेला, हात खाली सोडलेला, पोट सैल सोडलेला मी. पारखी म्हणून कुठंच नव्हतो. त्या पोस्टरवर असली तेवढं माझं पोट होतं.

शेजारी उभ्या एका म्हाताऱ्यानं पोस्टर पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि अगदी कळवळ्यानं विचारलं, "पावणं, डबा अजून सुरू न्हाई केला जणू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पद्मजानं उत्तर दिलं. दवाखान्यातून आल्यापासून त्या डब्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली.

"ते सोता घेत न्हाईत, बाबा," ती म्हणाली. "बायकोला देतात."