मागचं डावं चाक

आमच्या गल्लीत एक माणूस रोज सकाळी पावणेनऊला रस्त्यावर उताणा पडतो. अंगात धुतलेला पांढरा सदरा, पाठीखाली गोणपाट, हातात बॅटरी. डोकं गाडीखाली आणि पाय रस्त्यावर. मध्यंतरी दूधवाला बदलला. नवा आला तो पहिल्याच दिवशी सायकल टाकून माझ्या ओट्याकडं पळत आला. "मावशी, गाडीखाली माणूस गेला."

"गेला नाही," मी म्हटलं. "रोज जातो आणि रोज परत येतो. तू दूध घाल."

या माणसाचं नाव प्रल्हाद. सगळे त्याला अण्णा म्हणतात. मी म्हणत नाही, कारण तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे आणि मला आक्का म्हणतो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे, तीही कमरेएवढी. त्यामुळं त्याच्याविषयी मला जे माहीत आहे ते त्याच्या देवालाही नसेल.

तो गाडीखाली टायर बघतो. गाडी त्याच्या सुनेची, सुनीताची. लहानशी पांढरी. ती बिडकीनकडं एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाते. ती ऑफिसची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहते आणि हा चारही चाकं आतल्या बाजूनं बघतो. बोटानं चाचपतो. मग उठतो, पाठ झटकतो आणि म्हणतो, "जा." गाडी गेली की समोरच्यांची बघतो. मग गॅसवाल्याची रिक्षा, मग शाळेची व्हॅन. सगळ्यांना एकच प्रश्न. "आतून बघितलं का?"

हा प्रश्न तो वांग्यांनाही विचारतो. भाजीवाली त्याला वांगी निवडू देत नाही. माझ्या काठीच्या बुडाला रबर आहे, तेही त्यानं सोडलं नाही. काठी उलटी धरून म्हणाला, "आक्का, आतल्या अंगानं झिजलंय. तुम्ही डावीकडं कलता."

"मी म्हातारी झाले, कुठंही कलीन."

"कला की. पण रबर बदलून कला."

गल्लीतले एक गृहस्थ वारले तेव्हा तर यानं हद्द केली. स्वर्गरथ दारात उभा, प्रेत आत ठेवलेलं, बायका रडतायत, आणि प्रल्हाद गाडीखाली. बाहेर येऊन म्हणाला, "ही गाडी न्यायची नाय. मागचा टायर आतून गेलाय." वारलेल्यांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आता त्यांना काय व्हायचं राहिलंय?"

"त्यांना नाय, तुम्हाला. सात जण मागं बसणार ना तुम्ही?"

दुसरी गाडी येईपर्यंत दीड तास गेला. बायकांचं रडणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. शेवटी कुणीतरी चहा केला. लोक त्या दिवसापासून त्याला वेडा म्हणतात. आधी विक्षिप्त म्हणत.

तो असा कुठून झाला ते सांगते. वाळूजला एका कारखान्यात तीस वर्षं तो माप घ्यायच्या खात्यात होता. तिथं लोखंडाचा सुटा भाग बनला की याच्या टेबलावर यायचा. हा माप घ्यायचा. बरोबर असला की पिवळ्या मेणाच्या खडूनं त्यावर खूण करायची आणि म्हणायचं, "पास." चूक असला तर खूण नाही. त्याच्या खात्याचा कायदा त्याला तोंडपाठ होता आणि तो आम्हालाही ऐकून ऐकून पाठ झाला. "चुकीचं माप एक वेळ माफ. पण खूण नाय म्हणजे माप नाय, आणि माप नाय तर सही खोटी."

त्याचा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ, त्याच्याच हाताखाली होता. फुलंब्रीचा. वीस वर्षांपूर्वी एकदा मेव्हण्यानं एका खोक्यावर सही केली आणि आतल्या मालावर पिवळी खूण नव्हती. मेव्हणा शपथा घेऊन म्हणाला, "दाजी, मी माप घेतलंय. मला आठवतंय. खूण पुसली असंल हाताळताना." यानं ऐकलं नाही. वर कळवलं. मेव्हण्याची नोकरी गेली, आणि तो फुलंब्रीहून शहरापर्यंत रिक्षा चालवायला लागला.

मी प्रल्हादला विचारलं होतं, "माल कसा होता?"

"माल चांगला होता."

"मग?"

"मालाचं काय घेऊन बसलात आक्का. सही खोटी होती."

पुढं त्याची बायको वारली तेव्हा तो मेव्हणा स्मशानात आला, लांब लिंबाखाली उभा राहिला आणि धूर वर गेल्यावर निघून गेला. दोघं बोलले नाहीत. मला तेव्हा प्रल्हादचा राग आला होता. तो राग मी त्याला सांगितलाही. तो म्हणाला, "व्हय," आणि गेटची कडी घट्ट केली.

बिडकीनकडची त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि हातात पैसा आला. त्यातून मुलानं, महेशनं, पुण्याहून एक जुनी पण भारी गाडी आणली. निळी, दोन दारांची, रस्त्याला चिकटलेली. पळायची जशी मागं कुत्रं लागलंय. मी तिच्यात एकदाच बसले. उतरताना मला दोघांनी ओढून काढलं, विहिरीतून म्हैस काढतात तशी.

महेशनं ती आणखी खाली बसवून घेतली. चाकं वरून आत कलली. गाडी उभी असली तरी पैलवान पाय फाकून उभा आहे असं वाटायचं. महेश म्हणायचा, "मावशी, यानं वळणावर पकड बसती." पकड बसत असेल. पण अशा गाडीचं सगळं वजन टायरच्या आतल्या कडेवर येतं आणि टायर तेवढाच झिजतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसालाही नाही.

बापलेकांचं एरवी कशावरच जमायचं नाही. जेवताना दोघांची तोंडं दोन भिंतींकडं. पण रविवारी दोघं त्या गाडीपाशी बसायचे. प्रल्हाद टायरच्या खाचांत खोली मोजायचं गेज घालायचा, आकडा सांगायचा, महेश वहीत लिहायचा. महेश जुनी खूण खरवडायचा आणि चाकावर नवी पिवळी खूण व्हायची. "पास." "पास." मी भिंतीवरून ऐकायची. दुसरं काही बोलायचे नाहीत, पण चार चाकांना दोन तास लावायचे.

एके दिवशी सकाळी महेश म्हणाला, "अण्णा, पैठणला चाललोय, टायर बघता का जरा?" रविवार नव्हता, तरी प्रल्हादनं गेज आणलं. बसूनच बघितलं, बाहेरून दिसतं तेवढं. पास म्हणाला.

संध्याकाळी येताना मागचा डावा टायर फुटला. गाडी तीन वेळा उलटली. महेशला घरी आणलं तेव्हा तोंड झाकलेलं होतं आणि कुणी उघडून दाखवलं नाही. मी मागितलंही नाही.

महिन्याभरानं प्रल्हाद टायरवाल्या रफिकभाईच्या दुकानात गेला होता. मी सोबत होते, माझ्या भाच्याच्या स्कूटरचं काम होतं. रफिकभाई खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, ऐसी गाडी का टायर अंदर से खाता. बाहर से नवाच दिखता, अंदर से तारां निकले हुए रहते. आप अंदर से देखे थे क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला प्रल्हाद पहिल्यांदा रस्त्यावर उताणा पडला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो सगळं तपासतो, पण पास कशालाच म्हणत नाही. पिवळा खडू सदऱ्याच्या खिशात असतो. तो मी कधी बाहेर आलेला पाहिला नाही.

गेल्या महिन्यात तो माझ्या काठीला नवं रबर बसवत होता. मी म्हटलं, "प्रल्हाद, बस कर आता. लोक हसतात. आतून बघायचं राहिलं, चुकलं. तुझाच कायदा आहे ना, चुकीचं माप माफ?"

तो रबर ठोकत राहिला. मग म्हणाला, "चुकीचं असतं तर माफ होतं आक्का. मी मापच घेतलं नाय."

"घेतलंस. मी भिंतीपाशी होते. पास म्हणालास."

"पास म्हणालो. राख सावडल्यावर मी पोलीस ठाण्यात गाडी बघायला गेलो. तीन चाकांवर माझी खूण होती. मागच्या डाव्यावर नव्हती."

"पुसली असेल."

"मेणाचा खडू हाय. पाण्यानं जात नाय, धुळीनं जात नाय. तीन चाकांवरची ऱ्हाती आणि चौथ्यावरचीच जाती?" त्यानं काठी माझ्या हातात दिली. "मला घेतल्यागत आठवतंय. पर मेव्हण्यालाबी आठवतच होतं."

मी नवं रबर जमिनीवर टेकवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुनीता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी जिना चढून गेले, गुडघे शिव्या देत होते. मी आडवळणानं बोलत नाही, सरळ सांगितलं. सासरा असं असं म्हणतो. चौथ्या चाकावर खूण नव्हती, म्हणून त्याला वाटतं त्यानं ते चाक बघितलंच नाही.

तिनं हातातली चादर पुन्हा बादलीत टाकली.

"मावशी, खूण होती," ती म्हणाली. "मी पुसली."

अपघातानंतर पहिल्याच दिवशी गाडीची ओळख पटवायला तिला आणि तिच्या भावाला ठाण्यात नेलं होतं. भाऊ कागदांत अडकला होता. ती गाडीपाशी गेली. टायर आतून फाटलेला, पण बाहेरच्या अंगावर पिवळी खूण जशीच्या तशी. तिला वाटलं, हे अण्णांनी बघितलं तर ते जगणार नाहीत. नातेवाइकांनी बघितलं तर ते अण्णांना जगू देणार नाहीत. तिनं पर्समधलं हात धुवायचं औषध ओतलं आणि ओढणीनं घासलं. निघेना. नखांनी खरवडलं.

"तीन वर्षं मी रोज पायरीवर बसते," ती म्हणाली. "कामावर उशीर होतो, बोलणी खाते. म्हटलं बघू दे त्यांना. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं."

"वाचवलंस," मी म्हटलं. "पण गाळात सोडलंस. आता काढ."

"सांगितलं तर म्हणतील, बघूनही दिसलं नाही मला."

"म्हणू दे. ते खरं आहे. खऱ्यानं माणूस रडतो. हा तीन वर्षांत रडलेला मी बघितला नाही."

सोमवारी पावणेनऊला प्रल्हाद गाडीखाली गेला. सुनीता पायरीवरून उठली, त्याच्या पायांपाशी जाऊन रस्त्यावर बसली आणि पायांना सांगावं तसं सगळं सांगितलं. मी ओट्यावर होते. आत जायला हवं होतं, गेले नाही.

पाय हलले नाहीत. बॅटरी विझली. खालून आवाज आला. "चारही?"

"चारही होत्या, अण्णा."

"मागच्या डाव्यावर कुठं होती?"

"वरच्या बाजूला. जरा तिरपी."

"व्हय," तो म्हणाला. "तिथं माझा हात अवघडतो. तिरपीच येती."

मग त्या पांढऱ्या गाडीखालून जो आवाज आला त्याबद्दल मी लिहिणार नाही. दूधवाला आला, मी त्याला हातानं परत पाठवलं. सुनीता त्या दिवशी कामावर गेली नाही.

प्रल्हाद उठला तेव्हा ऊन दारात आलं होतं. त्यानं पाठ झटकली नाही. भिंतीपाशी येऊन मला म्हणाला, "आक्का, खूण पुसती. मेणाची असली तरी."

"पुसते."

"मेव्हणा खरं बोलत असंल मग."

"असेल," मी म्हटलं. "तुला वीस वर्षं लागली."

रविवारी सुनीता त्याला फुलंब्रीला घेऊन गेली. मी गेले नाही, माझं तिथं काय काम? जे झालं ते सुनीतानं संध्याकाळी सांगितलं.

मेव्हणा दारात उभा राहिला. आत या म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. प्रल्हादला माफी मागता येत नाही, त्यानं आयुष्यात मागितलेली नाही. तो अंगणात दहा मिनिटं उभा राहिला. मग मेव्हण्याच्या रिक्षाखाली उताणा पडला. खाली गोणपाटही नव्हतं, धुतलेला सदरा मातीत. तिन्ही चाकं बघितली. उठून म्हणाला, "पुढचं आतून गेलंय. बदल."

मेव्हणा वाकून पुढच्या चाकाला आतून हात लावून उठला. मग म्हणाला, "बाकीच्या दोनांचं काय?"

"बरी हायेत."

"तोंडी नको दाजी. तुमच्या तोंडावर माझा भरोसा नाय. खूण करून जा."

प्रल्हादनं खिशातून खडू काढला. मागच्या दोन्ही चाकांवर त्यानं पिवळी खूण केली. पुढच्यावर केली नाही.