पाटकर आपल्याच दारावर टकटक करतात

पाटकरकाका स्वतःच्या घरात शिरण्याआधी दारावर टकटक करत. माणूस एकटा, किल्ली खिशात, आत कुणी नाही, तरी आधी टकटक. मग दोन पावलं मागे सरून, भाजीची पिशवी सावरत, मान खाली घालून उभे. आतून कुणी "आले हं" म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला की मगच किल्ली लावायचे.

आमची दारं समोरासमोर. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल, आम्ही गिरगावातून उपनगरातल्या सिल्व्हर पार्कात नुकतेच आलो होतो. पहिल्या दिवशी मला ते कुणाकडे तरी आलेले पाहुणे वाटले. शेजारधर्म म्हणून दार उघडून मी म्हणालो, "घरात कुणी नाहीये वाटतं."

"तुम्हाला कसं कळलं?" काकांनी विचारलं, आणि किल्ली लावून आत गेले.

मी आमच्या दाराला कडी लावली. मग विचार करून साखळीही लावली.

पुढे ओळख झाली तेव्हा कळलं, की त्यांचं सगळं आयुष्य ओमानात गेलेलं. निझवा नावाच्या गावात एसी दुरुस्त करायचे आणि एका मातीच्या जुन्या घरात भाड्याने राहायचे. घरमालक म्हातारा होता. त्याने सुरुवातीलाच बजावलं होतं, की बंद घरात एकदम घुसायचं नाही. माणूस बाहेर पडला म्हणजे घर रिकामं झालं असं नसतं. आपल्यामागे जे येऊन बसलेले असतात, त्यांना उठून जायला वेळ द्यायचा. "तिथली रीत आहे," काका सांगायचे. गाळ्याचा मेंटेनन्स वेळेवर भरावा, हे सांगताना जसा आवाज असतो, तसाच तो आवाज. त्यामुळे अंगावर काटा जास्त यायचा.

तिथल्या रीती त्यांच्याकडे पुष्कळ होत्या आणि त्या माझ्यावरच वापरल्या जायच्या. एका रविवारी त्यांनी खजूर आणि वेलदोड्याची कडू कॉफी पुढे ठेवली. बिनकानाची इवलीशी कपली. मी संपवली, त्यांनी ओतली. पुन्हा संपवली, पुन्हा ओतली. नको म्हणणं उद्धटपणाचं होईल म्हणून मी पीत राहिलो. माझे हात थरथरायला लागले तेव्हा कपलीही हलली आणि काकांनी ताबडतोब सुरई खाली ठेवली. पुरे झालं की कपली हलवायची असते म्हणे. त्या रात्री मी आढ्याकडे बघत पडून होतो आणि समोरच्या बंद दाराआड कोण कोण उठून जात असेल याचा विचार करत होतो.

इतिहासाचंही त्यांना वेड. जवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर जाऊन पश्चिमेकडे समुद्रापार बोट दाखवायचे. "समोर मस्कत. तिथल्या डोंगरावर पोर्तुगीजांचे किल्ले, इथे मागे त्यांचीच चर्चेस. म्हणजे मी परदेशी गेलोच नाही हो. गेलेल्या मालकांची घरं बघत इकडून तिकडे हिंडलो." थोडं थांबून म्हणायचे, "मालक जातात. घरातलं जात नाही."

अशा माणसाचं घर विकायला निघालं. मुलगी कॅनडात. बाबा, एकटे राहू नका, फ्लॅट काढा आणि इकडे या, असा तिचा दर रविवारी फोन. मुलीला नाही म्हणणं काकांना जमेना आणि हो म्हणणंही जिवावर यायचं. शेवटी एजंट नेमला. पहिलं गिऱ्हाईक येणार त्या दुपारी काका किल्ली माझ्याकडे देऊन उत्तनला निघून गेले. "मला बघवणार नाही. तुम्ही दाखवा."

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं, बाई जरा घाबरट. मी रुबाबात पुढे झालो आणि, काय दुर्बुद्धी सुचली, दारावर टकटक केली. रोज बघून बघून हाताला सवय झालेली.

"भाईसाब, अंदर कोई है क्या?" बाईने विचारलं.

इथे नाही म्हणून मोकळं व्हायचं. पण श्रोते मिळाले की मला राहवत नाही. मी निझवापासून सुरुवात केली. म्हातारा, मातीचं घर, बसलेले आणि उठून जाणारे, सगळं रंगवून सांगितलं. सांगून वळलो तर जिन्यात फक्त एजंट. तोही हात जोडून उभा होता.

संध्याकाळपर्यंत वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना बातमी. दुसऱ्या दिवशी काकांना तोंड कसं दाखवायचं या काळजीत होतो, तर तेच दुपारी दारात.

"म्हातारा तसं म्हणायचा, खरं आहे," ते म्हणाले. "पण तिथे मी कधी टकटक केली नाही. दमून यायचो, सरळ आत."

"मग इथे?"

"आमची ही, नलू, इथे एकटी राहायची. मी दोन वर्षांनी एकदा येणार. टकटक केली तरी लगेच उघडायची नाही. आतून म्हणायची, थांबा हं. केस सारखे करायची, पावडर लावायची. मी बॅगा घेऊन इथे उभा. लोक हसायचे. पण तेवढ्या वेळात माझा सगळा शीण जायचा." त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं. "ती गेली तेव्हा मी तिकडेच होतो. पोचलो तेव्हा दार उघडंच होतं, माणसं भरलेली. टकटक करायची राहूनच गेली."

मग ते हळूच म्हणाले, "मुलीला मी नाही म्हणू शकत नाही. पण गिऱ्हाईकच टिकलं नाही तर माझा नाइलाज. तुम्ही गोष्ट छान सांगता. पुढच्यांनाही सांगाल?"

ऑफिसात कधी केलं नाही इतकं मन लावून मी हे काम करतोय. फ्लॅट अजून विकलेला नाही. परवा एका गृहस्थांनी हसत हसत विचारलं, अंदर से कभी आवाज आता है क्या. पूर्वी या ठिकाणी मी चार गोष्टी पदरच्या घालायचो.

"आता है," मी म्हणालो. "लेकिन जल्दी मत करना. उनको तैयार होने में थोडा टाइम लगता है."