मेश्राम सरांची समोरची खुर्ची

‘कसे आहात?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणारा माणूस मला संशयास्पदच वाटतो. पुण्यात हा प्रश्न चालता चालता विचारायचा असतो आणि ‘ठीक’ हेही चालता चालताच म्हणायचं असतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मेश्राम सर मात्र लिफ्टच्या दारात पाय अडकवून उभे राहतात. ‘ठीक हे डोक्यातून आलं जी. पोटातून काय येते, ते सांगा न.’ पोटातून काय येणार? मी मंडईतून पाच किलो कांदे घेऊन आलो होतो, बोटं तुटत होती आणि वरचे लोक लिफ्टसाठी ओरडत होते. ‘पाय काढा,’ एवढंच पोटातून आलं.

सर मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि बिबवेवाडीत येऊन लाइफ कोच झाले. दारावर पाटी आहे : ‘स्वतःला भेटा. वेळ सकाळी ९ ते १२.’ आता स्वतःला भेटायला दुसऱ्याच्या घरी कशाला जायचं, आणि तेही वेळ घेऊन? माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. कुणी पाय मुरगळल्याचा अर्ज केला, की तो जिना कसा उतरतो ते मी खिडकीतून बघायचो. हे सर पहिल्या दिवसापासून मला खोट्या दाव्यासारखे वाटत होते.

पंचाईत अशी, की बाकी कुणाला वाटेनात. आमची ही, म्हणजे सुनंदा, त्यांच्या रविवारच्या वर्गाला जायला लागली. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं, मग हवं तर उत्तर द्यायचं, असा तिथला नियम. सोमवारी मी म्हटलं, ‘पोह्यांत मीठ कमी आहे.’

‘म्हणजे तुम्हाला पोह्यांत मीठ कमी वाटतंय,’ ती म्हणाली आणि पेपर वाचायला लागली.

‘अगं, मग?’

‘मग काय? ऐकलं की तुमचं.’

मीठ काही आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं भांडकुदळ जोडपं तर एकमेकांचे टोमणे परत म्हणून म्हणून इतकं दमलं, की त्यांनी भांडणच सोडून दिलं. लोक ह्याला सरांची किमया म्हणतात. मी कंटाळा म्हणतो.

माझा संशय पक्का झाला तो दुपारच्या आवाजांनी. रोज चार वाजता सरांच्या घरातून बोलणं ऐकू यायचं. ते काहीतरी म्हणायचे, थांबायचे, मग पुन्हा वेगळ्याच सुरात काहीतरी. एकट्या माणसाकडे रोज येतं कोण? वॉचमनच्या वहीत तर नाव नाही. शेवटी पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना हातात घेऊन मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत समोरासमोर दोन खुर्च्या. सर एकीवर बसून म्हणाले, ‘माझं चुकलं, बेटा.’ मग उठले, दुसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, ‘जाऊ द्या, बाबा.’

सापडले, असं वाटून मला भलताच आनंद झाला. तो फार टिकला नाही. सरांनी काही लपवलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी कल्याणी इथेच, पुण्याच्या टोकाला मांजरी गावात राहते. तिने सरकारी नोकरी सोडून केक करायला घेतले, तेव्हा तिच्या साखरपुड्यात, भर पाहुण्यांसमोर, सर म्हणाले होते, ‘हिने माझं आयुष्य मातीत घातलं.’ लग्नालाही गेले नाहीत. सहा वर्षं बोलणं बंद. तिच्या जवळ असावं म्हणून नागपूर सोडलं, आणि इथे येऊन जगाला बोलायला शिकवत बसले. आता कुठे तिने येत्या रविवारी दहा मिनिटं दिली होती.

‘तिच्या खुर्चीत मी बसलो, की मी लगेच माफ करून टाकतो जी,’ सर म्हणाले. ‘ती नाही करणार. तुम्ही बसता का तिथे? अख्ख्या सोसायटीत माझ्यावर विश्वास नसलेले तुम्ही एकटेच.’

माझ्या गुणांची इतकी कदर ऑफिसातही कुणी केली नव्हती. बसलो.

‘बेटा, त्या वेळी माझ्या अपेक्षांचं ओझं...’

‘पटत नाही.’

‘आपल्या नात्यात संवादाचा जो अभाव...’

‘हे वर्गात सांगा.’

चार दिवस हेच चाललं. शनिवारी सरांनी खुर्ची जवळ ओढली. मग खाली बघत म्हणाले, ‘तुझ्या लग्नाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत घरीच बसलो होतो. कोणीतरी न्यायला येईल म्हणून. सख्ख्या बापाला न्यायला कोण येते? मीच यायला पाहिजे होतं.’

यात काढायला मला एकही खोट सापडली नाही. वाईट वाटलं, सरळच सांगतो. मी चष्मा तिथेच विसरून घरी आलो.

रविवारी सर दोनदा लिफ्टने खाली जाऊन परत वर आले, तेव्हा मीच त्यांना स्कूटरवर मांजरीला नेलं. ते वर गेले, मी गेटपाशी थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. तेवढ्यात एक मुलगी खाली आली. हाताला मैदा, डोळे लाल.

‘माझ्या जागी बसायचे ते काका तुम्हीच ना?’

‘हो.’

‘काय म्हणायचात त्यांना?’

‘पटत नाही म्हणायचो.’

‘मीही पाऊण तास तेच म्हणतेय,’ कल्याणी म्हणाली. तिने मनगटाने डोळे पुसले. ‘तर म्हणाले, तुला पटेपर्यंत रोज येतो. काका, बिबवेवाडीहून इकडे यायला बस कुठून मिळते हो?’

‘बसचं काही खरं नाही,’ मी म्हणालो. ‘मी घेऊन येत जाईन.’