एकतिसावा फॉर्म

थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला सुरी लागण्याआधी ट्रुडीनं बापाचे सगळे खिसे तपासले. शर्टाचा, पॅन्टचे, कोटाचा आतला. तीन पेन्सिली आणि एक स्टॉपवॉच निघालं. ते सगळं तिनं आईच्या ताब्यात दिलं.

"बाबा, वेंडेल अर्ध्या तासात पोचेल. त्याला गुण द्यायचे नाहीत."

"मी कशाला देतोय," व्हर्जिल स्टकी छताकडे बघत म्हणाला.

"रॉयला दिलेत. त्याच्या आधी डग्लसला दिलेत. त्या बिचाऱ्या दंतवैद्याला तर तोंडावर सांगितलंत, की बेसबॉलच्या पहिल्या बेसपर्यंत धावायला तुला पाच सेकंद लागतील, इतका तू मंद. तो पुन्हा फिरकला नाही."

"पाच कसले, सहा लागले असते."

"या वेळी एक आकडा जरी लिहिलात ना, तर आम्ही कोर्टात जाऊन सह्या करून येऊ. तुम्हाला मागाहून पोस्टकार्ड येईल."

ट्रुडी चौतीस वर्षांची, एकुलती एक, आणि बोलेल ते करणारी. लग्नाच्या दिवशी तिला हाताला धरून चर्चमधून चालत न्यायचं, एवढी एकच इच्छा व्हर्जिलनं उरात जपलेली होती. त्यानं मुकाट मान हलवली.

त्याचा दोष म्हणाल तर तो धंद्याचा. एक्केचाळीस वर्षं तो एका बेसबॉल क्लबासाठी खालच्या लीगांतली होतकरू पोरं पारखत आला होता. उन्हाळाभर ओहायो-इंडियानातल्या मैदानांवर लाकडी बाकं झिजवायची, आणि हंगाम संपून बर्फ पडलं की लायमातल्या घरी बसून तीस पोरांचे तीस फॉर्म भरून मुख्य ऑफिसला पाठवायचे. या धंद्यात गुण वीसपासून ऐंशीपर्यंत. वीस म्हणजे बाळा, दुसरं काही काम बघ. पन्नास म्हणजे चालून जाईल. आणि ऐंशी म्हणजे, असा माणूस आईच्या पोटी आला कसा, असं नवल. ही मोजपट्टी व्हर्जिलच्या हाडात मुरली होती. न्हाव्याची कात्री पंचेचाळीस. पाद्रीबुवांचं प्रवचन पस्तीस, तेही शेवट लवकर केला तर. शेजारणीचं मांजर : उडी साठ, स्वभाव वीस.

वेंडेल हॅगर्टी आला. सव्वासहा फुटांचा, फावड्याएवढ्या पंजांचा, घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा शांत गडी. व्हर्जिलनं आधी टोलीडो गावच्या पावसाची आपली नेहमीची लांबलचक गोष्ट सांगितली, आणि मग जेवणभर तो स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसला. टर्की संपेपर्यंत तग धरला. अ‍ॅपल पायचा तिसरा तुकडा वेंडेलनं संपवल्यावर मात्र त्याच्यानं राहवेना. "गाडीतलं तेल बघून येतो," म्हणून तो गॅरेजात गेला, सुताराची जाड पेन्सिल शोधली, एक कोरा फॉर्म घेतला आणि बॉनेटवर ठेवून दोन्ही बाजू भरून काढला. मग जरा हलकं वाटलं.

आता हा कागद ठेवायचा कुठे? तीस फॉर्मांचा गठ्ठा टेबलाच्या खणात तयार होता. त्यातच मधोमध त्यानं तो सरकवला. सोमवारी काढून जाळून टाकू, असा बेत होता.

शुक्रवारी सकाळी लोरेटानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, संसारात पहिल्यांदाच तो गठ्ठा स्वतः पाकिटात घालून पोस्टात टाकला. "म्हटलं, तुझी कंबर धरलीये," ती म्हणाली, "तेवढीच एक फेरी वाचली."

व्हर्जिलची कंबर तत्काळ सुटली. पण पोस्टाची गाडी गेली होती.

मंगळवारी त्यानं ऑफिसातल्या डोरीनला फोन लावला.

"डोरीन, एक फॉर्म जास्तीचा आलाय. तेवढा बाजूला काढ."

"कुठला, हॅगर्टी? तो तर मशीनमध्ये चढवला. वयाची चौकट रिकामी ठेवलीत, मशीननं आपलं एकोणीस धरलं. नववा आलाय."

"नववा?"

"तिसातून, नाही, एकतिसातून. टीमच्या जागी हॅगर्टी हीटिंग लिहिलंय. ही कुठली लीग म्हणायची?"

"खासगी आहे," व्हर्जिल म्हणाला. "तू नाव काढ गं बाई. का ते विचारू नको."

इथेच त्याची चूक झाली. या धंद्यात जुना पारखी एखादं नाव यादीतून काढा म्हणाला, की त्याचा एकच अर्थ निघतो : म्हाताऱ्याला हिरा गवसलाय आणि तो दाबून ठेवतोय. डोरीननं ही गोष्ट किप लंडग्रेनच्या कानावर घातली. किप हा नवा डायरेक्टर. वय बत्तीस. फॉर्मवरची अक्षरं तो वाचत नसे, फक्त आकडे. त्यानं हॅगर्टीला चौथ्या नंबरवर नेलं आणि व्हर्जिलला फोन केला.

"व्हर्जिल, हा पोरगा काय प्रकार आहे?"

"काही प्रकार नाही. अरे, त्याचा गुडघा अधू आहे."

"अच्छा. गुडघा."

"आणि खांदासुद्धा. शिवाय सकाळी लवकर उठत नाही."

किपनं यादी पुढ्यात ओढली. ज्याच्यावर डोळा आहे त्याची आपणच नालस्ती करायची, म्हणजे दुसरे क्लब तिकडे वळत नाहीत, ही युक्ती त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवली होती, आणि ती व्हर्जिलनंच शिकवली होती. फोन ठेवेपर्यंत हॅगर्टी दुसरा आला.

ऑफिसातल्या गोष्टी ऑफिसात राहिल्या असत्या तर निभावलं असतं. पण पारखी लोक हिवाळ्यात मोकळे असतात, आणि मोकळ्या माणसाला वास लवकर येतो. आठ दिवसांत लायमाच्या एकुलत्या मोटेलमध्ये रिकामी खोली मिळेना.

पुढच्या रविवारी वेंडेल जेवायला आला तो जरा गोंधळलेला होता.

"माझ्या पाळतीवर कोणीतरी आहे," तो बटाटे वाढून घेत म्हणाला. "परवा शेजारच्या मिसेस कूगनच्या दारातलं बर्फ उपसत होतो. रस्त्यापलीकडे गाडीत एक म्हातारा, माझ्यावर ते पोलिसांचं वेग मोजायचं यंत्र रोखून बसलेला. मी विचारलं, काका, काही चुकलं का? तर म्हणतो, छे छे, जरा डाव्या हातानं उपसून दाखव."

"मग?" लोरेटानं विचारलं.

"दाखवलं. म्हातारा माणूस, कशाला मन मोडा. आज सकाळी दोघं होते. मिसेस कूगनचा कुत्रा माझ्या मागे लागला, तर दोघांनी घड्याळं काढली. नंतर एक जण पळत येऊन विचारतो, तुझी आई किती उंच आहे?"

ट्रुडीनं काटा खाली ठेवला. पोर अजून किती वाढेल ते ताडायला आईची उंची फक्त पारखी विचारतात, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

"बाबा."

व्हर्जिल वाटाणे मोजत होता.

"बाबा, माझ्याकडे बघा. लिहिलंत?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. उंबऱ्यावर किप लंडग्रेन उभा होता, काखेत करारपत्र, हातात तो फॉर्म. विमानात करमणुकीला दुसरं काही नसल्यानं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मवरची अक्षरं वाचली होती आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

"माफ करा हं जेवताना आलो," तो म्हणाला. "व्हर्जिल, मला एवढंच सांगा. हे वाक्य बेसबॉलचं आहे का?" आणि तो वाचू लागला. "हात साठ. गरम भांडं फडक्याशिवाय उचलतो. डोळा पासष्ट, टेबलाच्या टोकाची क्रॅनबेरीची वाटी अचूक हेरतो. सातत्य सत्तर, पायचे तीन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याचंही पहिल्याइतकंच कौतुक केलं. सध्या स्वतःच्या आईच्या ताब्यात. दुसऱ्या कोणी उचलण्याआधी सही करून घ्यावी."

ट्रुडी खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलू लागली. वेंडेलनं तिच्या मनगटावर पंजा ठेवला.

"अजून थोडं आहे," किप म्हणाला. "सोशिकपणा. मी माझी टोलीडोच्या पावसाची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चाळीस मिनिटं. पोरग्यानं एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी भारावून आमेन म्हणाला. ऐंशी. एक्केचाळीस वर्षांत हा आकडा मी कोणापुढे लिहिलेला नाही. माझी लेक याच्याकडे नीट राहील."

ट्रुडीचा कोट हातातच राहिला. तिनं बापाकडे बघितलं. म्हातारा अजून वाटाण्यांतच होता, पण त्याचे कान लालभडक झाले होते.

"ऐंशी?" ती हळूच म्हणाली.

"जे दिसलं ते लिहिलं," व्हर्जिल पुटपुटला. "त्यात माया वगैरे काही नाही."

वेंडेल खुर्चीत चुळबुळला. प्रामाणिक माणसाची हीच अडचण.

"मिस्टर स्टकी, एक सांगू का? माझा डावा कान गेलाय. चार वर्षांपूर्वी शाळेचा बॉयलर फुटला ना, तेव्हापासून. त्या दिवशी तुम्ही डावीकडे बसला होतात. तुम्ही डोळे मिटून बोलत होतात, मला वाटलं, जेवणाआधीची प्रार्थना चाललीये. लांबलचक असते काही काही घरांत. म्हणून मान हलवत राहिलो."

"आणि आमेन?"

"तुम्ही थांबलात, म्हणून म्हटलं."

व्हर्जिलनं सावकाश मान वळवून लेकीकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षांचा पारखी होता तो, चेहरा वाचणं त्याला येत होतं.

"त्याला त्या खुर्चीवर कोणी बसवलं?"

ट्रुडी कोट पुन्हा खुर्चीवर टाकून शांतपणे बसली. "मी. रॉय त्या गोष्टीत झोपला होता. डग्लस मध्येच उठून गेला होता. मला हा हवा होता." मग मीठदाणी त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "लग्न मार्चच्या पहिल्या शनिवारी, चर्चमध्ये. तुम्ही मला घेऊन चालायचं. पेन्सिल आईकडे राहील."

व्हर्जिलनं मीठ घेतलं.

किप अजून उभाच होता. "म्हणजे यादीतून काढायचा ना हा? आणि ते ऐंशी खोडायचे?"

"खोडा की," लोरेटा म्हणाली. "मी ती टोलीडोची गोष्ट अडतीस वर्षं ऐकतेय. दोन्ही कान शाबूत असताना. मला किती, व्हर्जिल?"

व्हर्जिल उठला, टेबलावरच्या सगळ्यांच्या ताटल्या एकावर एक रचल्या, मोरीपाशी नेल्या आणि बाह्या वर केल्या.

किपनं बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला आणि त्याच्या पाठीकडे बघत लिहायला घेतलं : स्टकी, व्हर्जिल. वय एकाहत्तर. हात मंद, साबण जास्त वापरतो. सुधारायला वाव आहे.