तीन बंदांच्या लगामाचें वर्तमान

श्रीगजाननास व खंडेरायास दंडवत घालून, आणि वाचणारानें आधीं दार लोटून घ्यावें ऐसी विनंती करून, वर्तमान लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. लिहिणाराचें नांवही कोणी विचारूं नये, त्यासही दोन हात आहेत. शके सोळाशें सदुसष्ट, क्रोधन नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशीं त्या राज्याचे महाराजांनीं दरबार भरविला आणि सवाल घातला कीं, "आमचे नवे घोड्याचा लगाम कोणत्या बंदानें बांधावा?" सवाल ऐकतांच दरबाराची पांचावर धारण बसली. कारण ऐसें कीं, तीन वर्षांमागें महाराजांचे वडील बंधु शिकारीस गेले असतां घोड्यानें झाडास गाल घासला, आणि गालावरचा पितळी आकडा निसटला, आणि लगाम तोंडांतून गळाला, मग घोडा कोणास आवरेना, तो बंधूंसह कड्यावरून खालीं गेला. बंधु कैलासवासी जाहले आणि हे महाराज गादीवर बसले, परंतु सुखानें बसले नाहींत. आकडा बसविणारा जीनगर संभूजी याचे दोन्ही हात मनगटापासून तोडविले, तो तिसरे दिवशीं मेला, तरी महाराजांचें भय गेलें नाहीं. कांहीं तरी सुटेल, हेंच एक भय. अंगरख्याचे बंद तिघांनीं तपासावे, पालखीच्या दोऱ्या पांच जणांनीं ओढून पहाव्या, आणि दरबारांत 'सुटणें' हा शब्दच कोणी काढूं नये ऐसी ताकीद. जोशीबोवासुद्धां ग्रहण आटोपलें ऐसें म्हणत.

त्यांत त्या राज्याची जुनी चाल ऐसी कीं, ज्यानें बंद सुचविला त्यानेंच तो आपले हातें बांधावा, आणि पहिले स्वारीस घोड्याचे पुढें पायीं चालावें, आणि बंद ढळला तर हात द्यावे. मग सुचवील कोण? पागेचे दारोगा निंबाजीराव, साठीचे गृहस्थ, सहा लढाया पाहिलेले, परंतु त्या दिवशीं गालिच्यावरील वेलबुट्टी मोजीत उभे राहिले. महाराजांनीं नांव घेऊन विचारिलें, तेव्हां हात जोडून बोलिले, "हें काम कारागिराचें, हुजूर. संभूजीचा लेक धारोजी आहे, त्यास पुसावें." मग धारोजी जीनगरास आणविलें. त्यानें तीन लगाम गालिच्यावर मांडिले.

धारोजी बोलिला, "महाराज, हा पयला गाठीचा. कितीबी ओढा, धरून ऱ्हातो. पण कातड्याची वादी भिजली की गाठ आवळती, मग देवालाबी उकलत न्हाई. हा दुसरा आकड्याचा." इतकें बोलून आकड्याचे गुण न सांगतांच तो लगाम बाजूस सारिला. "आन् हा तिसरा काटेकडीचा. टोपीकरांच्या घोड्यांना असतो. कडीतला काटा वादीच्या भोकात बसतो. धरतो बी घट, आन् एका बोटानं..." तों निंबाजीराव खोकले. महाराजांनीं विचारिलें, "एका बोटानें काय?" धारोजीनें बोटानें काटा भोकांत बसविला. तो म्हणाला, "एका बोटानं बसतो, महाराज."

मग बारा दिवस खल चालला. कोणी म्हणे गाठ बरी, परंतु काटेकडीही वाईट नव्हे. कोणी म्हणे काटेकडी परकी, परंतु गाठही जुनी जाहली. आपले तोंडून एक नांव निघूं नये ह्यासाठीं शहाणेसुरते मनुष्य वेडेबागडे बोलत होते, आणि लिहिणारही त्यांत होता, खोटें कशास बोलूं? तेरावे दिवशीं निंबाजीरावांनीं तोड काढिली कीं, तिन्ही बंद एकाच लगामास लावावे, म्हणजे कोणा एकाचें सुचविणें होत नाहीं, आणि बांधणें मात्र धारोजीनें बांधावें. महाराज बहुत संतोषले. इतकेंच नव्हे, तर वरतीं आज्ञा केली कीं, लगामाचें टोंक आमचे डावे मनगटासही गाठीनें बांधावें. आणि कागद करून शिक्का केला कीं, स्वारींत जो कोणी बंद उकलील अथवा कापील त्याचे हात तोडावे, आणि आम्हीं स्वतां तोंडें सांगितलें तरी मानूं नये, भयांत मनुष्य काय बोलेल त्याचा नेम नाहीं, कागद प्रमाण.

स्वारीचे दिवशीं सकाळीं धारोजीची बायको भागाई हिनें त्यास विचारिलें, "काटेकडी एकलीच पुरे व्हती, हे तुम्हाला ठावं न्हवतं का?"

"ठावं व्हतं."

"मग बोलला का न्हाई?"

"आबाचं हात डोळ्यापुढं आलं."

धारोजी उठला. त्यानें सवयीनें कातडें कापायची रापी कमरेस खोविली आणि गेला.

पौष शुद्ध पंचमीस स्वारी निघाली. पुढें धारोजी पायीं, मग महाराज घोड्यावर, मग निंबाजीराव आणि बाकीचें, महाराजांखेरीज एकंदर तीनशें माणूस. देवदर्शन जाहलें, आणि परत येतां नदीचे उतारावर पाणी कमरेइतकें, नित्य गुरें जातात ऐसी जागा, तेथें घोड्याचा पाय गाळांत रुतला. घोडा भ्यायला, मागचे पायांवर उठला, आणि कुशीवर पडला. महाराजांचा पाय त्याचे अंगाखालीं सांपडला, तरवारही तेथेंच दडपली, आणि घोडा मुंडी पाण्यांत घाली तसतसें बांधलेलें मनगट खालीं ओढूं लागला. महाराज उजवे हातानें गाठ उकलूं लागले, परंतु वादी भिजून आवळली होती. मग पाणी हनुवटीस लागलें. महाराज बोलिले, "धारोजी, काप."

धारोजीनें रापी काढिली. वादीवर टेकविली. एका फटकाऱ्याचें काम होतें, आणि जन्मभर त्यानें तेंच काम केलें होतें. त्यानें मान वळवून निंबाजीरावांकडे पाहिलें. निंबाजीरावांनीं मागें पाहिलें, त्यांचे मागच्यानें त्याचे मागें पाहिलें, ऐसें पहात पहात शेवटचे मनुष्यापर्यंत गेलें, आणि त्याचे मागें कोणी नव्हतें. मग निंबाजीराव कष्टानें बोलिले, "कागद प्रमाण."

"अरे, मी सांगतों," महाराज बोलिले. "मीच लिहिला तो कागद. काप."

धारोजी रडूं लागला. रडत रडत त्यानें रापी कमरेस खोविली, आणि दोन्ही हातांनीं महाराजांचें मस्तक पाण्यावर धरिलें, कारण मस्तक धरूं नये ऐसें कागदांत नव्हतें. तें पाहून दहापांच जण पुढें आले आणि घोड्यास दोर लावून ओढूं लागले. ओढितां घोडा आणखी बुजला आणि गाळांत अंग टाकून लोळला, आणि मस्तक धारोजीच्या हातांतून गेलें. लिहिणार गुडघाभर पाण्यांत उभा होता. 

मग पाणी निवळल्यावर महाराज व घोडा, दोघांसही गतप्राण कांठावर काढिलें. निंबाजीरावांनीं पंचांसमक्ष लगाम तपासिला. गाठ जागचे जागीं, आकडा जागचे जागीं, काटेकडी जागचे जागीं, मनगटाची गाठही तैसीच. एकही बंद ढळला नाहीं ऐसा पंचनामा जाहला. गादीवर महाराजांचे चुलते बसले. त्यांणीं कागद वाचून धारोजीस निर्दोष ठरविलें, आणि बंद टिकला म्हणून चालीप्रमाणें दोन्ही हातांत रुप्याचीं कडीं घातलीं. कडीं घेऊन तो घरीं आला. भागाईनें त्यास पाय धुण्यास पाणी दिलें, आणि कड्यांकडे पाहिलें नाहीं.

एवं च राजाचा लगाम अखेरपर्यंत बांधलेला राहिला, आणि अपराध कोणाचाही निघाला नाहीं. त्या दिवशीं उतारावर तीनशें माणूस होतें, तें सर्व घरीं परतलें. सहाशें हात शाबूत आहेत. लिहिणाराचे दोन त्यांतच धरावे.