वाकळीला घास

“ह्या वाकळीला माझ्याशिवाय कुणाचं बोट जरी लागलं, तर याद राखा!” उचगावातल्या सासरच्या सोप्यात उभी राहून अनुजानं जाहीर केलं. तिच्या एका हातात कात्री होती आणि कडेवर लेक. कुणी विरोध केला नाही. हातात कात्री असलेल्या लेकुरवाळीच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही.

ह्या घोषणेमागं बरेच महिने साचलेला राग होता. लेक पोटात वाढवली अनुजानं, पण ती बाहेर आल्यापासून अनुजाच्या वाट्याला तिचं काय आलं? नाव नणंदेनं ठेवलं. राजनंदिनी! मूठभर जिवाला एवढं लांबलचक नाव, की हाक मारून संपेपर्यंत पोरगी झोपायची. अंघोळ घालायला शेजारच्या चिमणाबाई यायच्या आणि पितळेची घागर घासावी तशी पोरीला घासून लख्ख करायच्या. काजळ सासूबाई घालायच्या, दृष्टही त्याच काढायच्या. टोपडं सासऱ्यांच्या पसंतीचं, पाळणा नवऱ्याच्या. अनुजाकडं उरलं होतं फक्त दूध आणि जागरण!

“निदान अंगाखालची वाकळ तरी माझ्या एकटीच्या हातची असूदे की,” ती नवऱ्याला म्हणाली.

“असूदे की,” विश्वजित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. शिरोलीच्या एका कारखान्यात तो हिशेब बघायचा, आणि घरातल्या कुठल्याही वादात जमाखर्च सारखा ठेवायचा.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर अनुजानं ह्या गोधडीची नक्षी काढली. मधोमध तिचा बाळंतपणातला फुलाफुलांचा गाऊन. भोवती सासूबाईंच्या मऊ झालेल्या लुगड्याचे चौकोन, त्याला विश्वजितच्या कॉलेजातल्या शर्टाची चौकट, आत सासऱ्यांच्या धोतराचा थर. कापड सगळ्यांचं, पण टाका माझा! चारी टोकांना लाल त्रिकोणी ठिगळं लावली, की काम फत्ते. रविवारी जावळ होतं. मुरगूडहून अनुजाचा भाऊ कृष्णात येणार, भाचीला मांडीवर घेऊन ह्याच वाकळीवर बसणार, आणि सगळ्या भावकीदेखत अनुजा सांगणार, ‘माझं एकटीचं काम हाय!’

शिवायचं कधी, तर पोरगी झोपेल तेव्हा. आणि राजनंदिनीची झोप अशी, की भिंतीवरून पाल चालत गेली तरी ती दचकून उठायची. दुपारी तिचा डोळा लागला, की अनुजा श्वास रोखून सुईत दोरा ओवायची. चार टाके पडले नाहीत तोवर भोंगा सुरू! मग एका हातानं पाळणा आणि दुसऱ्या हातानं सुई. पाळण्याच्या झोक्यावर टाके बारीक-मोठे व्हायचे. ते उसवायचे आणि पुन्हा घालायचे. बोटं चाळणीसारखी झाली, पण पोरीच्या अंगाखाली गाठ येऊ नये म्हणून प्रत्येक टाका ती गालावर घासून बघायची.

शेवटी एकच टोक उरलं, तेव्हा चिमणाबाईंनी मिठाचा खडा टाकलाच.

“टोक मिटायच्या आधी घास भरीव गं वाकळीला. भाकरीचा तुकडा घालायचा आत. उपाशी वाकळ लेकराला झोपू देत न्हाय.”

“वाकळ काय म्हस हाय व्हय, घास भरवायला?” अनुजा उसळली. “अन्न घालून शिवायचं? किडे होतील, मुंग्या लागतील! माझ्या वाकळीत भाकरी-बिकरी काही जाणार न्हाय!”

“आधीच पोरगी झोपंना,” सासूबाई, म्हणजे शालूबाई, हळूच पुटपुटल्या.

“आत्याबाई, न्हाय म्हणजे न्हाय!”

“बरोबर हाय सूनबाईचं,” सासरे हंबीरराव मिशीला पीळ देत म्हणाले. “असल्या खुळचट गोष्टी आपल्यात न्हाईत.”

“एकविसाव्या शतकात!” विश्वजित हसला.

चिमणाबाईंनी पदर खोचला. “मी आपलं सांगितलं. जातो मी.”

शनिवारी दुपारी घर रिकामं असताना अनुजानं चौथं टोक मिटलं, वाकळीची घडी केली आणि कपाटात ठेवली. कधी नव्हे ती इतकी खूश झाली, की संध्याकाळी सासूबाई पोरीला काजळ घालतानाही तिनं नाक मुरडलं नाही.

रविवार उजाडला. परसात चुलीवर मटणाचा हंडा रटरटत होता. सोप्यात पाट मांडला, त्यावर वाकळ अंथरली. भावकीतल्या बाया वाकून वाकून बघायला लागल्या. “टाका बघा की, किती बारीक!” अनुजाची मान मोरासारखी वर गेली. गुंडू न्हाव्यानं कात्री पाण्यात बुडवली. कृष्णात भाचीला घेऊन, पिळदार देहासकट, वाकळीवर बसला.

कुर्रर्रर्र!

 सगळ्यांचे डोळे कृष्णातवर.

“मी न्हाय!” कृष्णात लालबुंद झाला. “खालनं आलं!”

“खालनंच येतंय की,” गुंडू म्हणाला, आणि बायांनी पदर तोंडाला लावले.

कृष्णात सरकून बसला. पुन्हा कुर्रर्र! पाठोपाठ तो “आई गं!” करून ताडकन उठला. मांडीखाली काहीतरी टोचलं होतं. उभं राहून बघतोय, तर पायजम्यावर लाल मुंग्यांची पलटण! राजनंदिनीला चिमणाबाईंनी वरच्यावर झेललं, आणि कृष्णात तालमीत न शिकलेले डाव खेळत अंगणात नाचू लागला. तेवढ्यात घरातली मांजर कुठनंशी आली, तिनं वाकळीचं एक टोक दातांत धरलं आणि मागं मागं पाय रोवत ओढायला लागली.

“हाट! सोड! सोड म्हणते ना!” अनुजानं दुसरं टोक धरलं. भावकीदेखत सून आणि मांजर ह्यांची रस्सीखेच लागली. टर्रकन ठिगळ फाटलं. मांजर तोंडात काहीतरी घेऊन पसार झाली.

“मटणाचा तुकडा गेला की!” हंबीरराव कळवळून ओरडले, आणि मग जीभ चावली.

अनुजा हळूहळू वळली. “मामा, तुमाला कसं म्हाईत, मटणाचा तुकडा हाय ते?”

“सकाळी हंड्यातनं... बारका एक...” हंबीररावांची मिशी खाली आली. “नात कुणाची हाय? तिच्या वाकळीनं काय कोरडी भाकरी खायाची?”

अनुजानं कात्री उचलली. मुंग्यांचं टोक उसवलं. आत भाकरी, वर गुळाचा खडा. शालूबाई भिंतीकडं बघायला लागल्या.

“आत्याबाई!”

“काल सांजच्याला घातला. नुस्ती भाकरी घशात अडकली असती गं तिच्या.”

“कुणाच्या? वाकळीच्या?”

कुरकुरणाऱ्या टोकाला टाका नव्हताच. स्टेपलरच्या पिना होत्या! आत चुरा झालेला भडंग. घरात स्टेपलर वापरणारा माणूस एकच.

“भाकरी सापडली न्हाय अंधारात,” विश्वजित म्हणाला.

“एकविसावं शतक ना?” अनुजाचा आवाज पार हायवेपर्यंत गेला असेल. “पिना! माझी लेक झोपणार होती ह्याच्यावर! एक गोष्ट, एकच गोष्ट मागितली होती मी ह्या घरात! नाव तुमचं, काजळ तुमचं, टोपडं तुमचं! एवढी एक वाकळ माझ्या एकटीची राहू दिली न्हाय! विश्वास म्हणून काही चीज हाय का न्हाय? तोंडावर व्हय-व्हय म्हणायचं आणि पाठीमागं चोरून घास भरवायचे!”

तिघंही माना खाली घालून उभे. हंबीरराव तर शाळेत अंगठे धरल्यासारखे दिसत होते. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायांनीही नाकं ओढली.

“आणि ह्या टोकात काय हाय?” चिमणाबाईंनी चौथं टोक चिमटीत धरलं. “टणक लागतंय की.”

“काही न्हाय त्यात!” अनुजा झटक्यात म्हणाली. “ते राहूदे. ते टोक चांगलं हाय.”

“आता कशाला राहूदे? चौथा चोर पण बघू!” हंबीररावांना एकदम हुशारी आली.

“मी न्हाय,” शालूबाई म्हणाल्या.

“मी पण न्हाय,” विश्वजित म्हणाला.

चिमणाबाईंनी टोक उजेडात धरलं. टाके बारीक, एकसारखे, गालावर घासून बघितल्यासारखे मऊ. मिटल्यावर एकदाही न उसवलेले. त्यांनी दोरा ओढला. तळहातावर नाचणीचं अर्धं बिस्किट पडलं. कडेला दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या. नुकते आलेले, खालचे दोन.

राजनंदिनी चिमणाबाईंच्या कडेवरून वाकली. आपली वस्तू ओळखून तिनं हात पसरले.

 सगळे अनुजाकडं बघत राहिले.

“बिस्किट हाय ते!” अनुजा कडाडली. “बिस्किटाला कुणी घास म्हणतं व्हय?”

आणि दूध उतू चाललंय असं ओरडत ती आत पळाली. गॅसवर दूध काही नव्हतं.